इमेज बंद करण्याआधी

बहुतेक भाषांत प्रोग्राम लिहिण्याची जागा वेगळी आणि तो चालण्याची जागा वेगळी. सी किंवा गो वापरणारा माणूस एडिटरमध्ये मजकूर लिहितो, कंपायलर त्यातून यंत्राला कळेल अशी फाइल काढतो, आणि गिऱ्हाइकाकडे जाते ती तेवढीच फाइल. एडिटर, कंपायलर, डीबगर, अर्धवट सोडलेले प्रयोग, स्वतःपुरत्या करून ठेवलेल्या नोंदी हे सगळे लिहिणाऱ्याच्या यंत्रावर राहते. ते बाहेर जाऊ नये म्हणून त्याला वेगळे काही करावे लागत नाही. स्मॉलटॉकमध्ये काम करणाऱ्याची गोष्ट उलटी आहे. त्याने काहीच केले नाही, तर गिऱ्हाइकाकडे सगळेच जाते.

तसे होऊ नये म्हणून काय काय करावे लागते, ते या पुस्तिकेत सांगितले आहे. स्क्वीक आणि तिच्यातून फुटून निघालेली फारो या दोन मुक्त प्रणाली डोळ्यांपुढे ठेवून ती लिहिली आहे. व्यापारी स्मॉलटॉकांचा उल्लेख येतो तो तुलनेपुरता. वाचकाला स्मॉलटॉक थोडेफार लिहिता येते असे पुढच्या प्रकरणांत धरले आहे. या प्रस्तावनेत मात्र तसे धरलेले नाही, कारण अडचण एकाच भाषेची नाही. कॉमन लिस्पवाले चालती प्रणाली जशीच्या तशी फाइलीत उतरवून देतात, त्यांना ती भेटते. मॅक्रो भरलेली एक्सेलची फाइल दुसऱ्याच्या हाती देताना काही शीट लपवून ठेवणाऱ्या हिशेबनिसालाही ती भेटते. लपवलेली शीट दोन क्लिकांत परत दिसते, हे त्याला बहुधा फाइल पाठवून झाल्यावर कळते.

या उलट्या गोष्टीचे मूळ १९७०च्या दशकात आहे. कॅलिफोर्नियात पालो आल्टो येथे झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात ॲलन के यांच्या गटाने मुलांच्या हाती देता येईल अशा संगणकाचा विचार चालवला होता. १९७२ मध्ये डॅन इंगल्स यांनी स्मॉलटॉकची पहिली चालती आवृत्ती उभी केली. पुढे स्मॉलटॉक-७६ आणि स्मॉलटॉक-८० आल्या, आणि १९८३ मध्ये ॲडेल गोल्डबर्ग व डेव्हिड रॉबसन यांच्या जाडजूड पुस्तकामुळे भाषेची रचना बाहेरच्या जगाला तपशिलात कळली. पडद्यावर दिसणारी कुठलीही वस्तू उघडून पाहता यावी, बदलता यावी, आणि केलेला बदल त्याच क्षणी लागू व्हावा, असा या गटाचा ध्यास होता. खिडकी, मेनू, मजकुराची चौकट, एवढेच काय खुद्द कंपायलर, हे सगळे ऑब्जेक्ट, आणि स्मॉलटॉकमध्येच लिहिलेले. काम थांबवताना एखादा प्रोग्राम सेव्ह करायचा नाही. मेमरीतले सगळे ऑब्जेक्ट आहेत त्या अवस्थेत एका फाइलीत उतरवायचे. त्या फाइलीला इमेज म्हणतात. दुसऱ्या दिवशी ती उघडली की कालचा अर्धवट डीबगरही जिथे थांबला होता तिथेच उभा असतो.

अशी इमेज रोजच्या कामात किती सुखाची असते, हे ज्याने तिच्यात काही महिने काढले आहेत त्यालाच सांगता येईल. प्रोग्राम चालू असताना चूक निघते, डीबगर उघडतो, तिथेच मेथड दुरुस्त करायची, पुढे जा म्हणायचे, आणि प्रोग्राम जणू काही झालेच नाही असा पुढे चालू लागतो. पण हेच सगळे दवाखान्याच्या काउंटरवर बसलेल्या माणसासमोर, पावती छापण्याच्या ऐन वेळी उघडले तर? त्याच्यापुढे अचानक इंग्रजी शब्दांनी भरलेली खिडकी येते, तिच्यात बटणे असतात, आणि त्यांतले एखादे तो दाबतोच. गृहप्रवेशाच्या दिवशी सुताराची करवत, रंधा आणि खिळ्यांचा डबा दिवाणखान्याच्या मध्यावर पडलेला असावा, तशी ही अवस्था. घर पुरे झालेले असते. आवरलेले नसते.

स्मॉलटॉकच्या व्यापारी कंपन्यांना हे लवकर कळले, कारण त्यांची गिऱ्हाइके बँका आणि विमा कंपन्या होती. जेपी मॉर्गनची कॅपिटल ही जोखीम मोजणारी प्रणाली व्हिज्युअलवर्क्सवर उभी राहिली. अशा ठिकाणी व्यवहार करणाऱ्याच्या पडद्यावर क्लास ब्राउझर उघडून चालत नाही. व्हिज्युअलवर्क्ससोबत रनटाइम पॅकेजर आला, आयबीएमच्या व्हिज्युअलएजमध्ये पॅकेजिंगची स्वतःची यंत्रणा होती, विंडोजवरच्या डॉल्फिनने तर सगळे छाटून एकच एक्झे फाइल हाती देणारे लगून हे साधन दिले. स्क्वीकचा जन्म मात्र १९९६ मध्ये ॲपलमध्ये झाला तो पुन्हा मुलांसाठी आणि संशोधनासाठी. इंगल्स, के, टेड केलर, जॉन मलोनी आणि स्कॉट वॉलेस यांनी ती उभी केली तेव्हा बंद करून विकायचा माल त्यांच्या मनात नव्हता. म्हणून स्क्वीकमध्ये कुलपे आहेत, पण ती वेगवेगळ्या खिशांत ठेवलेली आहेत. ती शोधून काढणे हे या पुस्तिकेचे निम्मे काम.

आधी हातात नेमके काय असते ते पाहू. स्क्वीकची प्रणाली चार फाइलींची. व्हर्च्युअल मशीन ही त्या त्या यंत्रासाठी वेगळी असते. इमेजमध्ये सगळे ऑब्जेक्ट आणि कंपाइल झालेल्या मेथड. सोर्सेस फाइलीत मूळ आवृत्तीचा लिहिलेला मजकूर. आणि चेंजेस फाइलीत त्यानंतर तुम्ही केलेला प्रत्येक बदल, काळाच्या ओळीने, आद्याक्षरे आणि तारखेसह. इमेजमधल्या मेथडमध्ये तिचा मजकूर नसतो. तो या दोन फाइलींत कुठे सापडेल त्याची खूण असते. वीज गेली, इमेज सेव्ह व्हायची राहिली, तरी चेंजेस फाइलीतून दिवसभराचे काम परत मिळते. प्रोग्रामरला ही फाइल जिवापलीकडे प्रिय असते. गिऱ्हाइकाकडे मात्र ती मुळीच जाता कामा नये. तुमच्या पहिल्या आठवड्यातल्या चुका, खोडलेले प्रयत्न, एखाद्या वैतागलेल्या रात्री टिप्पणीत लिहिलेला मजकूर, सगळे तिच्यात ओळीने पडलेले असते.

आता ती नुसती पुसून टाकावी म्हटले, तर इमेज सुरू होताना तक्रार करते की चेंजेस फाइल सापडत नाही. ही तक्रार गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर येते. ती बंद करण्याची सोय आहे, आणि सोर्सेस फाइलीबद्दलच्या तक्रारीचीही. ती शोधून न काढता आपली अख्खी चेंजेस फाइल बरोबर पाठवून देणारे लोक मी पाहिले आहेत. फारोत तर बदलांची नोंदच न ठेवणारा पर्याय बसवता येतो. याला आणखी एक कारण आहे, आणि ते गुप्ततेपेक्षा व्यवहाराचे आहे: विंडोजवर प्रोग्राम्सच्या फोल्डरमध्ये किंवा लिनक्सवर सगळ्यांसाठी बसवलेल्या जागेत साध्या वापरकर्त्याला लिहिण्याची परवानगी नसते. इमेज तिथे स्वतःला सेव्ह करू पाहील तर अपयशी ठरेल. एकाच यंत्रावर दोघांनी ती उघडली आणि दोघांची एकच चेंजेस फाइल असली, तर दोघांची ओरड ठरलेली. मॅकवर ॲप्लिकेशनच्या गाठोड्याला सही लावलेली असते. आतल्या इमेजचा एक बाइट बदलला की सही मोडते. म्हणून बाहेर जाणारी इमेज फक्त वाचण्यासाठी आहे असे पहिल्याच दिवशी ठरवावे, आणि वापरकर्त्याची माहिती, त्याच्या पसंती, त्याच्या फाइली यांची जागा वेगळी काढावी. इमेजलाच डेटाबेस समजून वाढवत नेलेले प्रकल्प नंतर फार महागात पडतात.

मग दरवाजे. स्क्वीकच्या मोकळ्या पडद्यावर क्लिक केले की मुख्य मेनू येतो. कुठल्याही वस्तूवर ठरावीक कळ दाबून क्लिक केले की तिच्याभोवती रंगीत ठिपक्यांचे कडे उमटते. त्या ठिपक्यांतून ती वस्तू हलवता, कापता, तिच्या आत पाहता येते. आल्ट आणि पूर्णविराम दाबले की चालू काम थांबून डीबगर उघडतो. मजकुराच्या कुठल्याही चौकटीत काही लिहून, निवडून, ‘करून दाखव’ची कळ दाबली की ते लिहिलेले चालते. म्हणजे रुग्णाचे नाव भरायच्या रकान्यात कुणी ‘स्मॉलटॉक बंद कर’ अशा अर्थाचा कोड लिहिला, तर प्रणाली आज्ञाधारकपणे बंद होते. हा विनोद नाही. कोरी इमेज घेऊन पाच मिनिटांत हे करून पाहता येते.

यातले बहुतेक दरवाजे एका फटक्यात बंद करणारी मेथड स्क्वीकमध्ये आहे. तिचे नावच ‘प्रोग्रॅमरच्या सोयी बंद कर’ अशा अर्थाचे आहे, आणि तिच्यावर लिहिणाऱ्यांनी सावधगिरीची लांबलचक टिप्पणी जोडली आहे. ती गंभीरपणे घ्यावी. ही मेथड चालली की मेनू गेले, कडी गेली, डीबगर गेला. इमेज सेव्ह करायची म्हटली तरी मेनू नाही. उरते ते तुमच्या ॲप्लिकेशनने जे दाखवले आहे तेवढेच. म्हणून बंद करणे, सेव्ह करणे आणि बाहेर पडणे या तीन गोष्टी एकाच हुकमात, एका दमात द्याव्या लागतात. वेगवेगळ्या दिल्या तर पहिल्यानंतर दुसरी द्यायला जागाच उरत नाही. आणि परत उघडण्याची वाट स्वतःसाठी ठेवली नसेल, तर ती इमेज तुमच्यासाठीही बंदच. ज्या इमेजमध्ये रोज काम करतो तिच्यावर हा हुकूम कधीही चालवू नये.

इतके झाल्यावर माणसाला वाटते की आता सगळे बंद झाले. पण इमेजच्या बाहेरही दरवाजे आहेत, आणि ते इमेजच्या ताब्यात नाहीत. विंडोजवरच्या स्क्वीकच्या व्हर्च्युअल मशीनला स्वतःचा मेनू आहे, एफ-टू दाबला की तो येतो. तो बंद करायचा तर मशीनशेजारच्या आयएनआय फाइलीत तसे लिहावे लागते. आल्ट आणि एफ-फोरने प्रोग्राम बंद व्हावा की नाही, तेही तिथेच. फारोची गोष्ट याहून खुली आहे. इमेज सुरू करताना कमांड लाइनवर ‘इव्हॅल’ असे लिहून पुढे कुठलाही कोड दिला, तर ती तो चालवते. पडद्यावरचे सगळे मेनू काढून टाकलेली, अगदी नीटनेटकी दिसणारी फारोची इमेज बाहेरून आलेल्या एका ओळीला सगळे उघडून दाखवते. त्या हुकमांना ओळखणारे क्लास इमेजमधून काढल्याशिवाय हे थांबत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण ‘लॉकडाउन’ म्हटले की गिऱ्हाइकाच्या मनात एक येते आणि प्रोग्रामरच्या मनात दुसरे. वर सांगितलेली कुलपे वापरणाऱ्याला वाट चुकू नये म्हणून आहेत. ती चोरासाठी नाहीत. ज्याच्या हाती इमेजची फाइल आहे, त्याच्या हाती सगळे आहे: तो ती दुसऱ्या व्हर्च्युअल मशीनवर चालवू शकतो, दुसऱ्या इमेजमधून तिचे बाइट वाचू शकतो. सोर्स फाइली दिल्या नाहीत तरी डीकंपायलर बाइटकोडवरून मेथड परत लिहून दाखवतो. नावे तेवढी जातात. तात्पुरत्या चलांच्या जागी टी-एक, टी-दोन येतात. तर्क तोच राहतो. व्यवसायाचे खरे गुपित असेल, तर ते सर्व्हरवर ठेवावे आणि गिऱ्हाइकाच्या यंत्रावर त्याची फक्त खिडकी द्यावी. याला दुसरा उपाय मला माहीत नाही. बाइटकोड गोंधळून टाकण्याच्या युक्त्या सांगणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण या पुस्तिकेत त्यांना प्रकरण दिलेले नाही.

उलट ज्याची काळजी कुणी करत नाही ते म्हणजे इमेजची स्मरणशक्ती. इमेज म्हणजे मेमरीची जशीच्या तशी प्रत, आणि मेमरीत तुम्ही काय काय ठेवले होते ते तुम्हालाही आठवत नसते. कोडच्या भांडाराला जोडताना दिलेला पासवर्ड तिथल्या ऑब्जेक्टमध्ये तसाच असू शकतो. चाचणीसाठी आणलेली खऱ्या ग्राहकांची यादी कुठल्यातरी क्लासच्या चलात अडकून राहते. बंद केलेल्या खिडकीचा संदर्भ कुणीतरी धरून ठेवला असेल, तर ती खिडकी आणि तिच्यातला मजकूर कचरा म्हणून उचलला जात नाही. क्लिपबोर्डवर शेवटी काय उचलले होते? इमेजची फाइल साध्या एडिटरमध्ये उघडून नुसते अक्षरांचे पट्टे शोधले तरी यातले पुष्कळ काही दिसते. आपली इमेज बाहेर देण्याआधी प्रत्येकाने हा शोध एकदा घ्यावा. स्वतःचे नाव, कंपनीचे नाव आणि आवडता पासवर्ड ही तीन शब्दरूपे टाकून पाहावीत. फारोत उत्पादनासाठी इमेज साफ करण्याचा तयार हुकूम आहे, तो चाचण्या, उदाहरणे, साठवलेल्या खुणा असे बरेच काढतो. पण तुमच्या क्लासमध्ये तुम्ही काय साठवले ते त्याला कसे कळणार? प्रत्येक क्लासला साफसफाईची स्वतःची मेथड देता येते. ती द्यावी.

यावर खरा तोडगा एकच, आणि त्यासाठी या पुस्तिकेची पहिली दोन प्रकरणे खर्ची घातली आहेत: ज्या इमेजमध्ये काम केले ती पाठवायचीच नाही. कोरी, कुणी न हाताळलेली इमेज घ्यायची, तिच्यात आपला कोड स्क्रिप्टने भरायचा, चाचण्या चालवायच्या, स्क्रिप्टनेच साफ करायची, बंद करायची, सेव्ह करायची. माणसाचा हात मध्ये लागता कामा नये. मग तुमचा कालचा डीबगर तिच्यात असण्याचा प्रश्नच येत नाही, कारण तो तिथे कधी उघडलाच नव्हता.

आता छाटणी. आजच्या फारोची पूर्ण इमेज कितीतरी मेगाबाइटची असते. त्यातला मोठा भाग लिहिण्याच्या साधनांचा. ही साधने काढून टाकली तर इमेज लहान होते आणि दरवाजेही कमी होतात. ऐकायला सोपे. स्क्वीकमध्ये ‘मेजर श्रिंक’ नावाची मेथड हातातल्या छोट्या संगणकांचा विचार करून लिहिली गेली होती; ती प्रणालीचे मोठमोठे तुकडे तोडून टाकत असे. अडचण अशी की ती मेथड एका विशिष्ट दिवसाच्या प्रणालीसाठी लिहिलेली असते, आणि प्रणाली रोज बदलते. पुढच्या आवृत्तीत कुणी एक क्लास इकडचा तिकडे केला की कात्री चुकीच्या जागी चालते. छाटणीचा कोड जपणे हे स्वतंत्र आणि कंटाळवाणे काम आहे. ते करायला सहसा कुणी पुढे येत नाही.

याहून खोल अडचण भाषेतच आहे. कुठली मेथड लागणार आणि कुठली नाही, हे प्रोग्राम नुसता वाचून सांगता येत नाही. स्मॉलटॉकमध्ये मेथडचे नाव चालत्या प्रोग्राममध्ये अक्षरे जोडून बनवता येते आणि मग ‘परफॉर्म’ म्हणून ती चालवता येते. क्लासचे नाव फाइलीतून वाचून तो शोधता येतो. छाटणाऱ्या साधनाला ही नावे कुठेच लिहिलेली दिसत नाहीत, म्हणून ते त्या मेथड निरुपयोगी समजून काढून टाकते. मग ॲप्लिकेशन तीन आठवडे सुरळीत चालते आणि महिनाअखेरीचा अहवाल काढायच्या दिवशी कोसळते, कारण ती मेथड महिन्यातून एकदाच लागते. म्हणून प्रत्येक पॅकेजरला ‘हे काढू नको’ अशी यादी हाताने द्यावी लागते. ही यादी जितकी लांब, तितका मूळ कोड चतुराईने लिहिलेला असतो, असा माझा अनुभव आहे. आणि चतुराई हे इथे कौतुक नाही.

काही लोकांनी दिशाच उलटी केली. मोठे छाटून लहान करण्याऐवजी अगदी लहानातून सुरुवात करायची आणि लागेल तेवढेच आत घ्यायचे. क्रेग लॅटा यांच्या स्पून प्रकल्पात जवळजवळ रिकामी इमेज दुसऱ्या भरलेल्या इमेजकडून मेथड मागून घेते, त्याही चालवण्याची वेळ आल्यावर. पावेल क्रिवानेक यांनी स्क्वीकचा गाभा वेगळा काढून दाखवला. गिलेर्मो पोलितो आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या टॉर्नेडोमध्ये प्रोग्राम रिकाम्या प्रणालीत चालवायचा, तो अडखळला की नेमका तो तुकडा आत घ्यायचा आणि पुढे जायचे. शेवटी जे जमते ते त्या प्रोग्रामच्या मापाचे. अर्थात चाचणीत जी वाट चाललोच नाही तिचे सामान या पद्धतीनेही आत येत नाही. महिनाअखेरीचा अहवाल इथेही विसरून चालत नाही.

फारोच्या मंडळींनी याचा जो निकाल लावला तो मला सगळ्यांत पटतो. २०१९ मध्ये आलेल्या फारो ७ पासून इमेज जुन्या इमेजमधून पुढे ढकलली जात नाही. मजकुराच्या फाइलींतून दर वेळी शून्यापासून उभी केली जाते. याआधी स्क्वीक आणि फारोच्या सगळ्या इमेज एकीतून दुसरी अशा अखंड वारशाने झेरॉक्सच्या काळापासून चालत आल्या होत्या. ॲपलमध्ये स्क्वीक उभी करतानाही सुरुवात तिथल्या जुन्या स्मॉलटॉक-८०च्या इमेजपासूनच झाली होती. या वारशाचे मला कौतुक आहे, पण त्याच्यामुळे ‘ही इमेज कशापासून बनली’ या साध्या प्रश्नाला उत्तर देता येत नसे. लिनक्सच्या वितरकांपैकी डेबियनने स्क्वीकवर उभ्या असलेल्या ईटॉइज या मुलांसाठीच्या प्रणालीच्या बाबतीत हाच आक्षेप घेतला होता. शून्यापासून उभारणीत आधी एक छोटी गाभ्याची इमेज तयार होते, ज्यात ना खिडक्या ना ब्राउझर. बंद करून द्यायच्या ॲप्लिकेशनचा पाया म्हणून हीच घ्यावी. कुलूप लावण्यापेक्षा दरवाजाच नसणे केव्हाही बरे.

हे सगळे करूनही चुका निघणारच. प्रश्न एवढाच की चूक निघाली की काय व्हावे. डीबगर उघडायचा नाही हे ठरले. पण चूक गिळून गप्प राहणारा प्रोग्राम त्याहून वाईट. न हाताळलेली चूक पकडणारी जागा एकच असते, ती आपल्या ताब्यात घ्यावी: वापरणाऱ्याला त्याच्या भाषेत दोन ओळी, आणि कॉल स्टॅक फाइलीत. पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रोसेसही त्याच जागी आणून सोडाव्यात, कारण त्यांच्यातली चूक खिडकीच्या कोडला दिसत नाही. फारोत फ्यूएल नावाचे साधन आहे. त्याने अडकलेला स्टॅक ऑब्जेक्टांसकट फाइलीत उतरवता येतो, आणि ती फाइल मेलने आली की आपल्या यंत्रावर डीबगर नेमका तिथे उघडतो. गिऱ्हाइकाच्या यंत्रावरून काढून टाकलेला डीबगर असा आपल्या टेबलावर परत येतो. त्या फाइलीत गिऱ्हाइकाची माहितीही येते, हे त्याला आधी सांगून ठेवावे. सर्व्हरवरच्या, पडदा नसलेल्या इमेजमध्ये दूरवरून आत डोकावण्यासाठी व्हीएनसीची खिडकी ठेवण्याची जुनी पद्धत आहे. ती अडचणीच्या वेळी जीव वाचवते. पण ती वाट फक्त सर्व्हरच्या आतल्या पत्त्यावर ठेवावी. जगाला उघडी ठेवलेली अशी खिडकी म्हणजे आपणच केलेल्या सगळ्या कामावर पाणी.

स्क्वीकवर बनलेले आणि सर्वांत जास्त हातांत गेलेले बंद ॲप्लिकेशन कोणते, असे विचारले तर मी स्क्रॅचचे नाव घेईन. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझ्निक यांच्या गटाने ते केले, २००७ मध्ये खुले झाले, आणि १.४ या आवृत्तीपर्यंत ते आतून स्क्वीक होते; जॉन मलोनी इथेही होते. रंगीत ठोकळे जोडणाऱ्या मुलांपैकी फार थोड्यांना आत स्मॉलटॉक आहे याचा पत्ता असेल. बंदोबस्त चोख होता, आणि तरी एक फट मुद्दाम ठेवलेली होती: शिफ्ट दाबून स्क्रॅचच्या चिन्हातल्या आर अक्षराच्या पोकळीत क्लिक केले की एक छोटा मेनू येई, त्यातून पूर्ण पडदा सोडता येई, आणि मागचे स्क्वीक उघडे पडे. मुलांनी ती शोधलीच. त्यातून आणि प्रसिद्ध केलेल्या सोर्समधून स्क्रॅचची कितीतरी वेगळी रूपे निघाली. येन्स म्यॉनिग यांचे बीवायओबी त्यांतलेच, आणि त्याचा पुढचा अवतार स्नॅप आज बर्कलीत शिकवण्यासाठी वापरतात. नंतर टिम रोलेज यांनी रास्पबेरी पायसाठी तेच स्क्रॅच नव्या स्क्वीकवर नेऊन बसवले. बनवणाऱ्याने स्वतःसाठी एक वाट ठेवावी, आणि ती सापडली तर काही बिघडू नये इतपतच तिच्यामागे ठेवावे, हे स्क्रॅचकडून घेण्यासारखे आहे.

एक गोष्ट मराठी वाचकांसाठी मुद्दाम. स्क्वीकचे मूळ अक्षरलेखन एका सांकेतिक अंकाला एक आकृती या हिशेबाने चालते. देवनागरीला ते पुरत नाही. ऱ्हस्व इकार अक्षराच्या पुढे जाऊन बसतो, जोडाक्षरे सुटी पडतात. एका मुलाला एक लॅपटॉप या योजनेच्या एक्सओ लॅपटॉपवर स्क्वीकमधले ईटॉइज दिले जात होते. त्या योजनेच्या भारतातल्या सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैरात इथल्या शाळेत झाला. त्या काळात ईटॉइजसाठी रोम प्लगिन तयार झाले, ज्यातून पँगो या बाहेरच्या लायब्ररीकडून अक्षरे रेखाटून घेता येतात. बंद ॲप्लिकेशन देताना असे प्लगिन आणि त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या बरोबर जायलाच हव्यात. प्रोग्रामरच्या यंत्रावर त्या आधीपासून असतात, म्हणून त्या विसरल्याचे त्याला दिसत नाही. तयार पॅकेज नव्या, कोऱ्या यंत्रावर, इंटरनेट काढून, फोल्डरचे नाव मराठीत ठेवून आणि प्रशासकाचे अधिकार नसलेल्या खात्यातून एकदा चालवून पाहावे. इतके साधे पथ्य पाळले तरी निम्म्या तक्रारी येत नाहीत. त्याच एक्सओच्या कीबोर्डवर ‘सोर्स दाखव’ अशी एक वेगळी कळ होती, हे जाता जाता सांगतो. बंद करण्याच्या कलेवर लिहिताना ती कळ मला अधूनमधून आठवते आणि थोडे अवघडायला होते.

पुढच्या प्रकरणांचा क्रम कोऱ्या इमेजपासून बंद पॅकेजपर्यंत असा आहे. ज्यांच्याकडे वर्षानुवर्षे हाताने वाढवलेली, आता कुणालाच पूर्ण न कळणारी इमेज आहे, त्यांना पहिली दोन प्रकरणे आजच्या आज उपयोगी पडणार नाहीत. त्यांनी सरळ तिसऱ्यापासून सुरुवात करावी. तिथला पहिला हुकूम चालवण्याआधी चारही फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी, आणि ती प्रत खरोखर उघडते का ते पाहावे.